दणकट फोन घेण्याआधी आधीचे तीन कशानं गेले ते बघ

पत्र:

काका, नमस्कार. मी तीस वर्षांचा, राहायला जुळे सोलापुरात. एका इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंट कंत्राटदाराकडं साइट सुपरवायझर आहे. गळीत हंगामात जिल्ह्यातले साखर कारखाने, हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग, आणि मधल्या काळात होटगीकडच्या सिमेंट ग्राइंडिंगची कामं. अडीच वर्षांत माझे तीन फोन गेले. पहिला मिल हाऊसच्या शिडीवरून पडला. दुसऱ्याचं चार्जिंग बंद झालं. दुकानदार म्हणाला, आत भुसा गच्च बसलाय. तिसरा बाइकच्या हँडलवर लावून मे महिनाभर फिरलो, तर त्याची पाठ फुगली. तो चालू आहे म्हणून घरी चार वर्षांच्या मुलाला कार्टून बघायला दिलाय, चार्जरला लावूनच. आता ऑनलाइन एक परदेशी ‘मिलिटरी ग्रेड’ फोन बघून ठेवलाय. बॅटरी दहा हजार एमएएचच्या वर, किंमत एकोणीस हजार, पाण्यात बुडवलेला व्हिडिओ पण आहे. बजेट पंचवीस हजारांपर्यंत ताणता येईल. असा फोन असला की डिस्टिलरीतसुद्धा बिनधास्त नेता येईल ना? घेऊ का? बायको म्हणते, दहा हजारांचा साधा घ्या आणि जपून वापरा.

उत्तर:

तू काका म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. हे वाचतोयस तिथूनच आधी घरी फोन लाव आणि तो फुगलेला फोन मुलाच्या हातातून काढून घ्यायला सांग. बाकीचं नंतर वाच.

फोनची पाठ फुगली म्हणजे आतल्या लिथियम सेलमध्ये वायू धरलाय. उष्णतेनं आणि वापरानं आतलं रसायन मोडत जातं, त्याचा वायू होतो आणि सेलचं पातळ पाकीट पापडासारखं फुगतं. आतले दोन पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवणारा पडदा अगदी पातळ असतो. फुगलेल्या सेलवर दाब आला, टोक लागलं किंवा तशाच अवस्थेत तो चार्ज होत राहिला, तर तो पडदा फाटू शकतो, आणि मग जी आग लागते ती सहजासहजी विझत नाही. म्हणून चार्जर काढा, फोन बंद करा, पाठ दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. फरशीवर, स्टीलच्या परातीत, अंथरूण-पडद्यांपासून आणि मुलापासून लांब ठेवा आणि उद्याच्या उद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दे. घंटागाडीत टाकू नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळं तिथं संकोच करायचं कारण नाही.

आता फोनकडं येऊ.

मी एकवीस वर्षं साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. मोटार जळली की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो: कशानं जळली? ओव्हरलोडनं, बेअरिंग धरल्यानं की पाणी गेल्यानं? ते न बघता नुसती मोठ्या हॉर्सपॉवरची मोटार बसवली तर तीही त्याच वाटेनं जाते. तुझ्या तीन फोनांना तीन वेगळी मरणं आली आहेत. एक पडून, एक धुळीनं, एक उष्णतेनं. पाण्यानं एकही गेलेला नाही. आणि तू बघून ठेवलेला फोन तुला पाण्यात बुडवून दाखवतायत.

पहिलं मरण घेऊ. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मिल-एसटीडी-८१० नावाचं चाचण्यांचं मानक. सध्याची आवृत्ती ‘८१०एच’, २०१९ ची. त्याआधीची ‘८१०जी’, २००८ ची. यात उष्णता, थंडी, धूळ, खारं धुकं, कंपनं, आपटणं अशा कितीतरी चाचण्यांच्या पद्धती लिहून ठेवल्या आहेत. पण कुठलंही लष्कर त्या फोनवर शिक्का मारत नाही. कंपनी स्वतःच यातल्या काही चाचण्या निवडते, स्वतः करते किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेते आणि खोक्यावर नाव छापते. कुणी वीस चाचण्या केलेल्या असतात, कुणी दोनच, आणि खोक्यावरची अक्षरं मात्र दोघांचीही सारखीच. म्हणून ‘८१०एच’ एवढं वाचून थांबू नको. कंपनीच्या संकेतस्थळावर कुठल्या चाचण्या केल्या त्याची यादी शोध. यादीच नसेल तर त्या अक्षरांना फारशी किंमत देऊ नको.

पडण्याची ठरलेली चाचणी अशी असते: १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट उंचीवरून, वेगवेगळ्या कडांवर, कोपऱ्यांवर आणि बाजूंवर मिळून २६ वेळा पाडायचं. ‘८१०जी’ प्रमाणं खाली काँक्रीट, पण त्यावर दोन इंची प्लायवूड. हे २६ वेळचं पाडणं पाच फोनांत वाटून घेतलं तरी मानकाला चालतं. चार फूट म्हणजे खिशातून निसटलेला फोन, फार तर कानाला लावलेला. तुझा फोन मिल हाऊसच्या शिडीवरून लोखंडी चेकर्ड प्लेटवर पडलाय. बारा-पंधरा फुटांवरून तिथं पडल्यावर वाचेल याची हमी कुठलंही मानक देत नाही.

तिथं उपाय फोनचा नाही, दोरीचा आहे. पाना-पकडीला आपण उंचीवर दोरी बांधतो, तशीच फोनलाही हवी. लूप असलेलं जाड कव्हर घे, त्यात लॅनयार्ड म्हणजे अडकवायची दोरी ओवून पट्ट्याला अडकव. हे मी फोनच्या काळजीनं कमी आणि खालच्या माणसाच्या काळजीनं जास्त सांगतोय. दणकट फोन म्हणजे पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंतचं वजन. वीस फुटांवरून तो हेल्मेट काढून घाम पुसत बसलेल्या हेल्परच्या डोक्यात पडला तर काय होईल, याचा विचार खोक्यावर कुठंच छापलेला नसतो.

दुसरं मरण धुळीचं, आणि सोलापुरात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. इथं प्रत्येक धंद्याची धूळ वेगळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या मागांवर कापसाची रुई उडते, कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा भुसा, ग्राइंडिंगला सिमेंट आणि फ्लाय ॲश, क्रशरवर दगडाची भुकटी. आयपी मानांकन म्हणजे धूळ-पाण्यापासून फोन किती वाचतो त्याचा दर्जा. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो आणि ६ ही त्याची सर्वांत वरची पायरी. म्हणजे धूळ आत जात नाही. आयपी ५८ किंवा ५४ दिसला तर समजायचं, धूळ थोडीफार आत शिरणार. तुला पहिला आकडा ६ च हवा, यात तडजोड नको.

पण नीट लक्ष दे. हा आकडा फोनच्या पोटाबद्दल बोलतो, तोंडाबद्दल नाही. चार्जिंगचं भोक बाहेरून उघडंच असतं. त्यात रुई आणि भुसा साठतो, रोज पिन घालून आपणच तो ठासतो, मग पिन पुरती बसत नाही, संपर्क अर्धवट राहतो, तिथं तापतं आणि एक दिवस चार्जिंग बंद. तुझ्या दुसऱ्या फोनचं हेच झालं असणार. रबरी झाकण असलेले फोन मिळतात, ते बरे. पण रोज उघडझाप करून तेच झाकण आधी तुटतं. त्याहून चांगलं म्हणजे त्या भोकाला हातच लावायला लागू नये. काही दणकट फोनांना बाहेर सपाट धातूचे ठिपके असतात, पोगो पिन म्हणतात त्यांना. स्टँडवर ठेवला की चार्ज होतो. वायरलेस चार्जिंगही चालतं, फक्त ते जास्त तापतं.

साफ करायचं तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं, हलक्या हातानं, उजेडात. कारखान्यातली कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. मी स्वतः हे केलंय. पॅनेल साफ करता करता एअर गन फोनच्या भोकात धरली आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्याला माझा आवाज ऐकू येईना. माइकच्या भोकामागं पातळ पडदा असतो, तो पाणी अडवतो आणि हवा जाऊ देतो. सहा-सात बारच्या हवेपुढं तो टिकत नाही. आणि तो एकदा गेला की फोनचं आयपी मानांकनही गेलं.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुझा त्रास तो नाही. दुसरा आकडा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगेल तसं. ५ आणि ६ पाण्याच्या फवाऱ्याचे. बुडवण्याची परीक्षा पास झालेला फोन फवाऱ्यातही पास होतोच असं नाही, म्हणून चांगल्या फोनवर ‘आयपी ६६’ आणि ‘आयपी ६८’ असं दोन्ही वेगळं लिहिलेलं असतं. ९ म्हणजे अगदी जवळून, ८० अंश गरम पाण्याचा जोरदार झोत. या सगळ्या चाचण्या नव्या फोनवर आणि साध्या स्वच्छ पाण्यात होतात. उसाचा रस, मळी, कॉस्टिक, वाफ यांचा त्यात विचार नाही. रस सांडला तर साध्या पाण्यानं लगेच धुऊन पूस, वाळायच्या आत. आणि एकदा का टपरीवर स्क्रीन बदलून घेतला, की आतला गोंद आणि सील मूळचे राहत नाहीत; त्यानंतर तो फोन पावसातसुद्धा सांभाळूनच वापरायचा.

आता तिसरं मरण. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं, रबराचा जाडजूड फोन म्हणजे उन्हाला भारी. उलट आहे. फोन स्वतःची उष्णता पाठीतून आणि कडांतून बाहेर टाकतो. त्यावर जाड रबर चढवलं की उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं होतं. सॅमसंग, ॲपल यांच्या सूचनापुस्तिका काढून बघ: आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असताना फोन वापरावा, असंच सांगितलेलं असतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ४२-४३ ला टेकतो. म्हणजे बॉयलर हाऊसमध्ये पाऊल टाकायच्या आधीच आपण त्या मर्यादेच्या बाहेर असतो. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा त्या सेलचा मूळ नियम. आणि तू काय करत होतास? भर मे महिन्यात, हँडलवर, थेट उन्हात, नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण. त्यातच बाइकच्या चार्जरला लावलेला असेल तर सेल फुगणं हा अपघात नाही, तो ठरलेलाच होता. तिथं वीस हजारांचा दणकट फोनही फुगला असता, एक हंगाम उशिरा इतकंच.

हँडलचा आणखी एक तोटा. ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःहून ग्राहकांना सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा खराब होऊ शकते. आपली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी तेवढी हादरत नसेल, पण मोहोळ-माढ्याकडचे आतले रस्ते तुला माहीत आहेत. नेमप्लेट, मीटर रीडिंग, वायरिंगचे फोटो हे तुझं रोजचं काम. कॅमेरा धूसर झाला तर फोन अर्धा गेलाच. वाट विचारायची तर फोन खिशात ठेवून कानात एक इअरफोन पुरतो. डिक्की आणि उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड या जागा हँडलपेक्षाही वाईट. डब्याच्या पिशवीत, सावलीत ठेव. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नको, दहा मिनिटं पंख्याखाली राहू दे. फास्ट चार्जिंग उन्हाळ्यापुरतं सेटिंगमधून बंद कर.

एवढं सगळं लक्षात घेतलं तर तुझ्यासाठी फोनमध्ये कुठली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची? माझं उत्तर: बॅटरी काढता येणं. आकारानं मोठी असणं नव्हे. जी बॅटरी नखानं काढता येते ती फुगायला लागली की त्याच दिवशी बाजूला करता येते, फोन वाचतो. बारा तासांची शिफ्ट असेल तर दुसरी चार्ज केलेली खिशात ठेवायची, पॉवर बँक आणि वायर लोंबकळत चालायला नको. दहा हजार एमएएचची बॅटरी बंद फोनमध्ये असली तर दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ती थकते, आणि मग ती बदलायला फोन गरम करून उघडावा लागतो. उघडला की सील गेलं. शिवाय वजन. तसे फोन बऱ्याचदा साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या पुढंच असतात. शर्टाच्या खिशात ठेवून वाकलास की तो बाहेर पडणारच, आणि आपण पुन्हा पहिल्या मरणाशी येतो.

तुझ्या त्या परदेशी फोनवर मी सरसकट काट मारत नाही. बाहेरच्या काही कंपन्या खरोखर मजबूत फोन बनवतात. पण घ्यायच्या आधी या गोष्टी तपासल्याशिवाय पैसे भरू नको. त्यात ४-जीचे आपल्याकडचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, आहेत का बघ: ३, ५ आणि ४० जिओसाठी, १, ३, ८, ४० एअरटेलसाठी. बीएसएनएलचं नवं ४-जी वापरणार असशील तर २८ आणि १. दुसऱ्या देशासाठी बनलेल्या फोनात यातले काही नसतात, आणि मग जुळे सोलापुरात चार काड्या दिसतात पण कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शून्य. त्यातून लांबवर आणि भिंतीआड पोचणारे बँड म्हणजे ५, ८ आणि २८, तेच नसले तर तुझ्या कामात अडचण. दुसरं, व्होल्टी, म्हणजे ४-जीवरूनच कॉल लावायची सोय, आपल्या सिमवर चालतं का. जिओचं २-जी, ३-जी जाळंच नाही. व्होल्टी नसेल तर इंटरनेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही. तिसरं, फोनचा आयएमईआय क्रमांक. स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं की दिसतो. मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस कर; दूरसंचार विभागाच्या नोंदीत तो फोन खरा आहे की नाही ते उत्तर येतं. आणि फोनला उपग्रहावरून बोलायची सोय आहे असं कुणी कौतुकानं सांगत असेल तर त्या वाटेला जाऊच नको. आपल्या देशात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं हा गुन्हा आहे.

या सगळ्यातून तो फोन पार पडला तरी एक प्रश्न उरतोच: फुटला तर दुरुस्त कोण करणार? नवी पेठेत जा, तीन दुकानांत त्या मॉडेलचं नाव सांग आणि विचार, स्क्रीन मिळेल का, किती दिवसांत, कितीला. तिघांनीही मान हलवली तर एकोणीस हजारांचा तो फोन पहिल्या तड्यालाच संपला असं धर. दणकट फोनही फुटतो. साइटवरच्या माणसासाठी शहरात सर्व्हिस सेंटर असणं हे आयपी मानांकनाइतकंच मोलाचं आहे, आणि खोक्यावर ते लिहिलेलं नसतं.

मग घ्यायचं काय?

तुझ्या कामाकडं बघून मी सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ सुचवीन. भारतात तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, मुख्यतः कंपन्यांसाठी, आणि तेव्हा किंमत २७,२०८ रुपये होती. बॅटरी ४०५० एमएएचची, काढता येणारी. आयपी ६८, मिल-एसटीडी-८१०एच, पोगो पिनचं चार्जिंग, हातमोज्यांनी चालणारा स्क्रीन, वजन २४० ग्रॅम, काच सपाट. बाजूला एक जादा बटण आहे, त्याला टॉर्च किंवा कॅमेरा नेमून देता येतो. अंधाऱ्या केबल ट्रेंचमध्ये ते किती उपयोगी पडतं ते तुला सांगायला नको. कॅमेरा आणि वेग याच किमतीच्या इतर फोनांपेक्षा साधे आहेत, गेम खेळायला तो नाही. किंमत तुझ्या बजेटच्या थोडी वर जाते, त्यात जादा बॅटरी आणि स्टँड वेगळा घ्यावा लागेल. आज तो मिळतोय का, कितीला, आणि अपडेट किती वर्षं राहिलेत, हे विचारून घे.

गेल्या काही वर्षांत साध्या दिसणाऱ्या फोनांनाही चांगली मानांकनं मिळायला लागली आहेत. ओप्पोनं जून २०२४ मध्ये एफ २७ प्रो प्लस आणला तो आयपी ६६, ६८ आणि ६९ घेऊनच, आणि नंतर इतरांनीही तीच वाट धरली. असे फोन पातळ असतात, कॅमेरा चांगला असतो, सर्व्हिस सेंटर गावात असतं. पण बॅटरी बंदिस्त आणि काही फोनांची काच कडेला वळवलेली. वळलेली काच साइटवर नको. फोन कडेवर पडला की पहिला मार काचेलाच बसतो आणि तिच्यावर टेम्पर्ड ग्लासही धड चिकटत नाही. यातलाच घ्यायचा तर सपाट काचेचा बघ आणि वर उंच कडांचं कव्हर घाल.

आणि तुझ्या बायकोचं म्हणणं? तिचं निम्मं बरोबर आहे. बारा-चौदा हजारांचा सपाट काचेचा फोन, हजार रुपयांचं जाड कव्हर, लॅनयार्ड, आणि उरलेले दहा हजार बँकेत स्क्रीन-बॅटरीसाठी बाजूला. ऑफिस आणि साइट असं अर्धं-अर्धं काम असणाऱ्याला मी हेच सांगितलं असतं. पण धुळीचा पहिला आकडा ६ या किमतीत शोधूनच घ्यावा लागतो, आणि तुझे महिने भुसा आणि सिमेंटमध्ये जातात. म्हणून तुझ्यासाठी मी पहिल्या पर्यायाकडं झुकतो.

पैसे मात्र तुझ्याच खिशातून का जावेत? परमिटचे फोटो, रीडिंग, ड्रॉइंग, ग्रुपवरचे रिपोर्ट हे सगळं कंत्राटदाराचं काम आहे. मल्टीमीटर त्यानं दिलाय ना? तसाच हाही. त्याला सांग, कंपनीच्या नावानं जीएसटीचं बिल घेतलं तर १८ टक्के कराचं क्रेडिट त्याला मिळू शकतं, आणि तुझे तीन फोन गेले तेव्हा दर वेळी दोन-चार दिवस काम कसं अडलं तेही सांग. अर्धे जरी दिले तरी तुझा घरचा फोन वेगळा राहील.

दुकानात गेलास की फोन आत एसीत बघून घेऊ नको. दुपारी बाराला बाहेर रस्त्यावर घेऊन ये. उन्हात स्क्रीन वाचता येतो का? बोटं ओली करून नंबर लाव. हातमोजे सोबत ने, घालून बघ. स्पीकरवर कॉल लावून रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येतंय का बघ. मिलच्या आवाजापुढं हा गोंगाट काहीच नाही.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, ज्यावर मी दोनदा थांबलो. ‘डिस्टिलरीतसुद्धा बिनधास्त नेता येईल ना?’

नाही. हा फोन नाही, एक्सकव्हर नाही, आयपी ६९ वालाही नाही.

आयपी आणि मिलिटरी या दोन्ही चाचण्या बघतात की बाहेरच्या जगापासून फोन वाचतो का. डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून स्पिरिट बनतं तिथं, प्रश्न उलटा आहे: फोनपासून बाहेरचं जग वाचतं का. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंशांचा. म्हणजे सोलापुरात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा, उघड्या स्पिरिटवर पेट घेईल इतकी वाफ असते. हवेत ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास जमली की एक ठिणगी पुरते. फोन पडला आणि बॅटरीचा संपर्क तुटला, जुळला, तेवढी ठिणगी होऊ शकते. काढता येणाऱ्या बॅटरीचा फोन पडला की बॅटरी बाहेर उडते, तिथं तर आणखी. अशा जागेसाठी इंट्रिन्सिकली सेफ फोन वेगळे असतात. त्यांतली ऊर्जा ठिणगी पडण्याइतकी वाढूच नये अशी त्यांची रचना असते, त्यांच्यावर एटेक्स (युरोपचं) किंवा आयईसीईएक्सचं (आंतरराष्ट्रीय) स्फोटक वातावरणासाठीचं प्रमाणपत्र आणि कुठल्या झोनसाठी, म्हणजे किती धोक्याच्या भागासाठी, ते लिहिलेलं असतं, आणि आपल्या देशात अशा उपकरणांना मान्यता देणारी संस्था म्हणजे केंद्र सरकारची, नागपुरात मुख्यालय असलेली पेसो. ते फोन साध्याच्या कित्येक पट महाग असतात आणि ते घेऊन देणं हे कारखान्याचं काम आहे, तुझं नाही. साखरेच्या बॅगिंग हाऊसमध्ये बारीक साखरेची धूळ हवेत दाटलेली असते तेव्हाही हाच नियम धर.

मी होतो त्या कारखान्यात डिस्टिलरीच्या गेटवर एक लाकडी कपाट होतं, खणाखणांचं. आत जाणाऱ्यानं काडीपेटी, बिडी आणि फोन त्यात ठेवायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा. नवीन आलेली पोरं कुरकुर करायची. एका साहेबानं एकदा ‘मला तातडीचा फोन येणार आहे’ म्हणून तसंच आत जायचा प्रयत्न केला, तर वॉचमननं त्याला वाटेतच अडवलं, आणि चीफ केमिस्ट वॉचमनच्या बाजूनं उभे राहिले. तू जातोस तिथं असं कपाट नसेल तर आत जाण्याआधी सेफ्टी ऑफिसरला लेखी विचार: फोन कुठपर्यंत नेता येईल, झोनची हद्द कुठं आहे. तू सुपरवायझर आहेस, तुझ्या मागं चार हेल्पर येतात, तू खिशात फोन घेऊन आत गेलास तर तेही येणार. फोटो हवेच असतील तर गॅस टेस्ट करून परमिट निघेल तेव्हाच, किंवा प्लांट थंड करून सगळं पर्ज झाल्यावर, म्हणजे आतली वाफ पूर्ण बाहेर काढल्यावर, ओव्हरहॉलिंगमध्ये काढ.

घरचा फुगलेला फोन सर्व्हिस सेंटरला दिलास की दोन ओळी लिहून कळव.